गजराबाईंची गाठींची दोरी

भूमजवळच्या धनगरवस्तीवर गजराबाईंचा लौकिक असा, की देवळातला प्रसादही त्या आधी हुंगून पाहतात. त्यांच्या विहिरीत फीत सोडून पाणी मोजायला वर्षातून चारदा सरकारी माणूस येऊ लागला, तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर लागला.

"फुकट कोण कुणाची हीर मोजतंय? आज मोजत्यात, उद्या नेत्याल."

तो गेला की त्या हाताहातावर गाठ मारलेली लोकरीची दोरी सोडून स्वतः मोजत आणि पाण्याला टेकेपर्यंत जितके हात दोरी जाई तितक्या रेघा कोळशाने भिंतीवर ओढत. सहा वर्षे यात खंड नव्हता.

यंदा एप्रिलमध्येच वस्तीचा हातपंप आटला. टँकरचा अर्ज गेला आणि 'विहिरीला पुरेसे पाणी' या शेऱ्यानिशी परत आला. आता सोमवारची ग्रामसभा एवढीच आशा उरली होती.

मुलगा बिरू म्हणाला, "सरकारनं लिवलंय म्हंजी खरंच असंल," आणि मेंढरं घेऊन निघून गेला. सून समृद्धीचे हात मात्र नवं काही दिसलं की शिवशिवत. तिने मोबाईलवर विहिरीचे सरकारी आकडे शोधून काढले.

"बंद कर ते! आपण बघितलेलं त्यास्नी कळतंय."

"आत्या, हे समद्यांसाठी उघडं हाय."

"उघडं हाय म्हंजी त्यात काय न्हाय. नायतर कडीकुलपात ठिवलं असतं." असं म्हणता म्हणता त्या मोबाईलवर वाकल्या. "वाच. एकेक वाच."

समृद्धी मीटरचे हात करून सांगत होती. गजराबाई भिंतीवरच्या रेघांवर बोट ठेवत होत्या. दर खेपेला सरकारचं पाणी त्यांच्यापेक्षा दोन हात वर.

"बघ! दोन हात पानी चढवून लिवलंय. सोमवारी सभेत अब्रूच काढते एकेकाची!"

समृद्धी अडखळली. "पण आत्या, सहा वर्सं झाली, अन् दर बारीला दोनच हात? खोटं बोलणारा कवातरी कमीजास्त बोलंल की."

गजराबाई ताडकन उठल्या. मग तरातरा विहिरीवर गेल्या. त्यांची दोरी कठड्याच्या माथ्यावरून सुटायची. कोकरू पडलं तेव्हा बांधलेला कठडा, उंची दोन हात. तो माणूस आधी कठड्यालाच फीत लावायचा. "कठड्यात पानी असतंय व्हय?" असं त्यांनी त्याला टोचूनही पाहिलं होतं. तो नुसता हसला होता, आणि त्या हसण्याचाही त्यांना संशय आला होता. कठड्याची उंची वजा करून तो जमिनीपासून मोजत होता.

"आकडा खरा हाय," त्या नाइलाजाने म्हणाल्या. "मंग अर्ज का फिरला? त्यात कंचा आकडा हाय, बघ बरं."

समृद्धीने परत आलेल्या अर्जाचा कागद उलटला. "ऑक्टोबरचा. मार्चचा आकडा त्याच्यापरीस आठ हात खाली हाय. सहा वर्सांत येवढं खाली कवाच गेलं न्हाय."

"कागद आपल्या पायानं चालत येत न्हाय. जुना आकडा कुणीतरी जोडलाच असंल ना?"

सोमवारी त्या सभेत उभ्या राहिल्या. आकडे ऐकून ग्रामसेवक दचकले. "मावशी, हे कुठून आणलं?"

"तुमच्याच घरचं हाय. म्या फकस्त मोजून घेतलंय."

ऑक्टोबरचा आकडा कुणी जोडला, हे कुणी सांगितलं नाही. नवा अर्ज मात्र मार्चच्या आकड्यानिशी गेला आणि नवव्या दिवशी टँकर आला. विहिरीत नळी सोडायच्या आत गजराबाई टँकरच्या शिडीने वर चढल्या, हातातली काठी आत बुडवली आणि ओला भाग उन्हात धरून पाहिला.

"भरल्यालाच हाय, मावशी," चालक वैतागून म्हणाला.

"आसंल की," म्हणून त्यांनी काठी टाकीच्या दुसऱ्या तोंडातून पुन्हा बुडवली.