तिसऱ्या साखळीवरची बहीण

‘आता कुणाचीही वाट पाहू नका! प्रत्येक मोहीम एकट्याने खेळा!’

गेम उघडल्याबरोबर पडद्यावर ही पाटी झळकली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, आम्हाला वाट पाहायचीच होती ना! हा उपकार करायला तुम्हाला सांगितलं होतं कुणी?

आम्ही तिघी बहिणी. मी कारंज्यात, मधली अकोल्याला, धाकटी लग्न होऊन मंगरूळपीरला. मोबाइलवरचा हा गेम मधलीनं शोधला. किल्ला सर करायचा तर दरवाजाच्या तीन साखळ्या तिघांनी एकाच वेळी ओढायच्या. एक जरी कमी असला तर दार हलत नसे. किल्ल्याशी आम्हाला काय करायचं होतं? आम्हाला हवी होती ती अट.

कारण धाकटीच्या सासरी माहेरचा फोन म्हणजे चुगली. फोन ठेवला रे ठेवला की सासू विचारी, ‘काय सांगून राह्यली व मायले?’ त्या घरात भिंतींनाही कान. गेमचं मात्र चालायचं. नवरा, दीर, सगळेच खेळत. दुपारची भांडी आटोपली की धाकटी हेडफोन लावून गच्चीच्या जिन्यात बसे; खेळता खेळता त्यातून आम्हा तिघींना बोलता येई. कुणी हाक मारली तर म्हणे, ‘थांबा जरा, माह्यावाचून अडलं हाये तिकडं!’ सुनेला स्वतःसाठी अर्धा तास कुणी देत नाही. पण तिच्यावाचून कुणाचं अडलं असेल तर मिळतो.

‘डावीकडून येऊन राह्यला, मार त्याले!’ असं ती ओरडे आणि त्याच दमात हळूच सांगे, आज दिवसभर घरात कुणी तिच्याशी एक शब्द बोललं नाही. स्वयंपाक कर, वाढ, उचल. त्यापलीकडे काही नाही. कधी तिचा आवाज भरून येई. खालच्यांना वाटे, पोरगी हरली असेल.

तर ती पाटी आली. दिरानं जेवता जेवता आनंदानं सांगून टाकलं, ‘वहिनी, आता एकटीनं होते बरं! दोन सोबती गेमच देते.’ सासूला तेवढंच हवं होतं. ‘मंग बहिणी कायले लागतात? कामं झाली का खेळत जा एकटी.’

ज्यांना सोबत नाही, ज्यांना अनोळखी टोळकी शिव्या देऊन हाकलतात, त्यांची सोय झाली असेल. होवो बापडी. मीही एकदा एकटीनं खेळून पाहिलं. माझ्या दोन्ही बाजूंना दोन मुके शिपाई येऊन उभे राहिले, त्यांनी निमूट साखळ्या ओढल्या, दार उघडलं. बहिणीच्या जागी उभ्या असलेल्या त्या ठोंब्याला लाथ घालावीशी वाटली.

धाकटी गेममध्ये दिसेनाशी झाली. निरोप पाठवला तर उत्तर यायचं, ‘बरी हाये.’ दुसऱ्या दिवशी परत विचारलं तरी ‘बरी हाये.’ ती बरी असती तर मला चार शिव्या देऊन मग बोलली असती, हे मला ठाऊक आहे. शेवटी एका दुपारी मी तणतणत एसटीत बसले.

वाटेत बहाणे जुळवत होते. दर्ग्यावर आले होते म्हणू, कचेरीत काम होतं म्हणू. दारात सासूच उभी. ‘काहून आली व? काई काम होतं का?’

पुन्हा तेच. काम! सगळे बहाणे मी गिळले आणि आत जाऊन पलंगावर बसले. ‘काम काही नाही मावशी. बहिणीशी बोलाले आली.’

‘एवढ्यासाठी कारंज्याहून?’

‘हो, एवढ्यासाठीच. तुमच्या घरात तिच्यासंग कोणी बोलत नाही म्हणून.’

बोलून गेले आणि जीभ चावली. सासूचा चेहरा बदलला. ती माझ्याकडे नाही, स्वयंपाकघराकडे वळली. ‘इनं सांगतलं का हे?’

धाकटी आतल्या दारात उभी होती, हाताला कणीक लागलेली. मला वाटलं, आता नाही म्हणेल. म्हणाली असती तर मी राग धरला नसता. मी निघून गेल्यावर त्या घरात तिलाच राहायचं होतं.

ती तशाच हातांनी बाहेर आली आणि माझ्याजवळ पलंगावर बसली.

‘हो, मीनंच सांगतलं,’ ती सासूला म्हणाली. ‘रोज सांगत होती.’