पाला नव्हता

वायनरीच्या सांडपाण्याच्या टाकीतलं पाणी मी रोज काचेच्या नळकांड्यात भरून ठेवतो. अर्ध्या तासात घाण खाऊन पाणी साफ करणाऱ्या जिवाणूंचा तपकिरी गाळ खाली बसतो, वर नितळ पाणी उरतं. आज ते बघताना गेला हंगाम आठवला. द्राक्षांचं आंबट धुवण मी घाईत एकदम टाकीत सोडलं, जिवाणू मेले, आणि ते घाण पाणी मी गुपचूप ओढ्यात काढलं. काठावरच्या सखूमावशींच्या विहिरीला वास सुटला.

"पाला कुजला असेल," मी म्हणालो.

"शिकलेला माणूस सांगतोय म्हणजे पालाच," म्हणत त्यांनी पाला काढायला सुनेला विहिरीत उतरवलं.

टाकीत शेणकाला घालून मी जिवाणू पुन्हा जगवले. ते खोटं मात्र अजून पचलेलं नाही. आज घरी जाताना ओढ्याकाठी थांबणार आहे. "मावशी, पाला नव्हता, मी होतो," म्हणेन, आणि त्या बोलतील ते उभ्याने ऐकेन.