आयरीनच्या हातचा खासदार

आयरीन हुडॉक फोनवर नेहमी खोटं बोलते. निवडणूक जवळ आली की शहरातून कुणीतरी फोन करतं आणि विचारतं, तुमचं मत कुणाला? आयरीन सांगते, मी एकोणतीस वर्षांची आहे, अजून काही ठरलेलं नाही, जरा समजावून सांगा ना. मग ती खुर्ची ओढून बसते आणि समोरच्याला घसा कोरडा पडेपर्यंत बोलायला लावते. ती शहात्तर वर्षांची आहे. आणि गेली बावीस वर्षं तिचं ठरलेलंच आहे.

तिच्या अंगणात दोन्ही उमेदवारांच्या पाट्या असतात. एक तिची, एक अँडीची. अँडी तिचा नवरा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली.

"जिवंतपणी आमचं कधी जुळलं नाही," ती म्हणते. "आता मेला म्हणून माझ्या बाजूनं मत देईल होय?"

ब्रेनर्स पॅच हे पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या टेकड्यांमधलं गाव. खाणी बंद पडल्या. ज्या कारखान्यात आयरीननं सव्वीस वर्षं शर्टांच्या कॉलर शिवल्या, तोही बंद पडला. चर्चच्या तळघरातल्या पिरोगी मात्र कधी बंद पडल्या नाहीत. दर गुरुवारी म्हाताऱ्या बायका लांब टेबलाशी बसतात. मैद्याची गोल पारी, आत बटाटा आणि चीज, वर दुमडून कड चिमटायची. शुक्रवारी अख्खं गाव त्या लोण्याकांद्याबरोबर खातं.

टेबल एकीकडे. पातेलं आतल्या स्वयंपाकघरात. पातेल्यावर एकच बाई असते आणि तिथे बसवली गेली की ती मरेपर्यंत तिथेच असते. आयरीनच्या आधी तिची आई होती. पातेल्यावरच्या बाईनं पिठाला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम. हात लावला तर झारा खाली ठेवायचा आणि टेबलाशी येऊन बसायचं. आयरीनच्या आईनं मरताना मुलीला घर दिलं नाही, ते भावाला दिलं. झारा दिला. आयरीनला त्यात आपण फसलो असं कधीच वाटलं नाही.

निवडणुकीच्या आधीच्या गुरुवारी उमेदवार तळघरात येतात. एप्रन बांधतात, डझनभर पिरोगी चिमटतात. त्यांच्या पिरोगींवर काट्याची खूण करतात, म्हणजे गफलत नको. त्या उकळून निघाल्या की ज्यानं केल्या त्यानंच सगळ्यांसमोर खायच्या. कड नीट दाबली नसेल तर पिरोगी पाण्यात फुटते आणि ताटात लगदा येतो. त्यावर कुणी काही बोलत नाही. पण संध्याकाळपर्यंत ते टेकडीच्या पलीकडच्या गावालाही कळलेलं असतं. एका शेरिफच्या पाच फुटल्या होत्या. तो आता विमा विकतो.

खासदार वॉल्टर ब्रॅनिकची पिरोगी मात्र अकरा निवडणुकांत एकदाही फुटली नाही.

कारण ती आयरीन चिमटायची.

पहिल्यांदा तो आला तेव्हा अडतीस वर्षांचा होता. हात फावड्यासारखे, कान लाल. त्यानं केलेल्या बाराच्या बारा पिरोगी तोंड उघडून पडल्या होत्या. तेव्हा अँडीच्या फुप्फुसात खाणीची धूळ भरलेली होती आणि आजारपणाच्या भरपाईचे कागद तीन वर्षं कुठल्यातरी कचेरीत अडकलेले. वॉल्टर तेव्हा राज्याच्या विधानसभेत होता. त्यानं स्वतः फोन केला आणि महिन्यात ते सुटले. आयरीन ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. दार पायानं लोटलं. बोट ओलं केलं आणि एकेक कड दाबून घेतली. मग दर दोन वर्षांनी तेच. वॉल्टरला ठाऊक नव्हतं. आयरीनला वाटायचं कुणालाच ठाऊक नाही.

या वेळी वॉल्टरच्या विरोधात कोलीन डेव्हलिन उभी होती. आधी नर्स होती, शेजारच्याच गावची. वॉल्टर आणि ती, दोघंही एकाच गुरुवारी येणार होती. सकाळपासून टेबलावर तोच विषय.

"ती म्हणते, बंद पडलेला बाळंतपणाचा वॉर्ड उघडणार," व्हेरा यानोशिक म्हणाली. व्हेरा आयरीनची कारखान्यापासूनची मैत्रीण, आणि आयरीननंतर पातेल्याची पाळी तिची. दोघी साठ वर्षं भांडत आहेत. "आता बाळंत व्हायला पोरींना डोंगर ओलांडावा लागतो."

"या टेबलावर कोण बाळंत होणार आहे?" आयरीननं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"माझा भरवसा नको धरू," मिली कॉस्टिक म्हणाली. मिली एक्क्याऐंशीची. ती पाऱ्या लाटते आणि जो शेवटी बोलेल त्याचं तिला पटतं.

"शिवाय कोलीन म्हणते, सहा वेळांच्या वर कुणीच खासदार राहू नये," व्हेरा म्हणाली.

"मी एकतीस वर्षं पातेल्यावर आहे. मलाही काढ."

"कधीच काढलं असतं गं. पण वाफेनं माझे केस बसतात."

"ती म्हणते, ती म्हणते. म्हणायला काय लागतं? मी रोज फोनवर म्हणते, एकोणतीस वर्षांची आहे. वॉल्टरनं करून दाखवलंय. पूल कुणी बांधला?"

"ज्याच्यावरून ट्रक न्यायला बंदी आहे तो?"

"पोस्ट कुणी वाचवलं?"

"पोस्ट वाचलं. पोस्टमन गेला."

मिलीला दोन्ही पटलं.

मग व्हेरानं एप्रनच्या खिशातून कोलीनचं पत्रक काढलं. वॉल्टर संसदेतल्या कुठल्या मतदानाला हजर नव्हता ते त्यात छापलं होतं. खाणकामगारांच्या छातीच्या दवाखान्यांचा ठराव दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये पडला. त्या दिवशी वॉल्टर गैरहजर होता.

"बघ," व्हेरा म्हणाली. "आणि हा म्हणे खाणवाल्यांचा माणूस. असेल कुठेतरी गोल्फ खेळत."

मिलीनं लाटणं थांबवलं. तिनं भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर फोटो होता. चर्चला शंभर वर्षं झाली तेव्हाचा. मधे वॉल्टर, नाकाला पीठ लागलेलं, शेजारी आयरीन, हातात झारा. खाली तारीख होती, पत्रकातलीच.

"गोल्फ नाही," मिली म्हणाली. "आपल्याकडे होता. पिरोगी खात."

सगळ्यांनी समोरच्या पाऱ्या मोजायला घेतल्या. एरवी त्या फादर हिशोब विचारतात तेव्हाच मोजतात.

"त्याला बोलावलं कुणी होतं?" व्हेरानं विचारलं. तिला माहीत होतं.

"मी," आयरीन म्हणाली. "तीनदा फोन केला होता."

"वा. म्हणजे दवाखाना आपणच पाडला."

"अगं, ठराव केवढ्या फरकानं पडला ते वाच. तो गेला असता तरी पडला असता."

"हो का? म्हणजे तो असला काय, नसला काय, सारखंच. मग बावीस वर्षं त्याला तिथे कशाला पाठवतोय?"

पाणी उकळत असेल म्हणून आयरीन आत गेली. पाणी उकळत नव्हतं. अँडी शेवटची चार वर्षं नळी लावून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत झोपायचा, कारण आडवं झालं की त्याला श्वास घेता यायचा नाही. जवळचा दवाखाना दीड तासावर होता. आयरीन झाऱ्यानं नुसतंच पाणी ढवळत राहिली.

दुपारी दोन्ही उमेदवार आले. कोलीन आधी. तिनं सगळ्यांना मिसेस अमुक, मिसेस तमुक करत नमस्कार केला आणि हात धुवून बसली. हाडाची नर्स. ती पिरोगीची कड अशी दाबत होती, जशी जखम दाबतात. सारण मागून बाहेर येत होतं.

"हळू गं पोरी," मिली म्हणाली. "पेशंट मेला."

मग वॉल्टर आला. आला की तळघर उजळायचं, हे खरं. त्याला सगळ्यांची नावं पाठ. व्हेराच्या गुडघ्याची चौकशी केली, मिलीच्या पणतूची केली. एप्रन बांधला आणि बोलता बोलता भराभरा पिरोगी दुमडू लागला. कड चिमटल्यासारखी करायची, पुढची घ्यायची. अकरा वेळा काही झालं नव्हतं. त्याला वाटत होतं, त्याला येतं.

आयरीन दारात उभी होती. एरवी ती त्या वेळी बोलत नसे.

"वॉल्टर," ती म्हणाली, "शंभर वर्षांच्या जेवणाला तू इथे होतास. त्या दिवशी दवाखान्यांचं मतदान होतं. तुला माहीत होतं का रे?"

वॉल्टरचे हात थांबले नाहीत. तो हसला. छान हसतो तो.

"आयरीन, तुम्ही तीनदा फोन केला होता. तुम्हाला नाही म्हणायची माझी काय टाप?"

सगळ्या हसल्या. कोलीनसुद्धा हसली. आयरीनही हसली. मग दोन्ही ताटं उचलून आत गेली. वॉल्टरच्या पिरोगींवर काट्याची एक रेघ होती, कोलीनच्या दोन.

तिनं पायानं दार लोटलं. ते लागेना. मागे व्हेरा उभी होती.

"वाफ फार आहे," व्हेरा म्हणाली. "म्हटलं दार उघडं राहू दे."

"तुला वाफेची काळजी कधीपासून?"

"कर गं. मी बघत नाही. बोट ओलं कर आणि उरक."

आयरीननं ताटं खाली ठेवली.

"किती वर्षं माहीत आहे तुला?"

"कॉलरची शिवण सव्वीस वर्षं बघितली तुझी. तुझ्या हातची कड मला कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर झारा माझ्या गळ्यात आला असता. आणि खरं सांगू? मला मजा यायची. तो मिशीत हसत तुझ्या पिरोगी खायचा आणि बाहेर जाऊन भाषण ठोकायचा."

आयरीननं बोट पाण्यात बुडवलं. एका रेघेचं ताट पुढे ओढलं. पहिल्याच पिरोगीची कड उघडी होती, आतला बटाटा दिसत होता. दाबायला एक क्षण लागला असता. तिनं बोट एप्रनला पुसलं आणि दोन्ही ताटं जशीच्या तशी पातेल्यात उलटी केली. व्हेरा हळूच म्हणाली, "अगं बाई."

कोलीनच्या चार फुटल्या. वॉल्टरच्या बारा.

ताट समोर आलं तेव्हा वॉल्टर बोलायचा थांबला. ते ताट नव्हतंच, बटाट्याची पेज होती. वर एक रेघ असलेली पारी तरंगत होती. टेबलावरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं नाही, इतक्या त्या सभ्य होत्या.

"पाणी जरा जास्तच उकळलं वाटतं," वॉल्टर म्हणाला.

त्या तळघरात पातेल्याला कुणी कधी बोललं नव्हतं. आयरीनच्या आईच्या वेळीही नाही. आयरीननं झारा टेबलावर ठेवला.

"पाणी तेच आहे," ती म्हणाली. "तुझ्या पिरोगी आजवर मी चिमटत होते. पहिल्या वेळेपासून. आज चिमटल्या नाहीत."

वॉल्टरचे कान लाल झाले. तो पुन्हा अडतीस वर्षांचा दिसायला लागला. मिली बोटांवर काहीतरी मोजत होती.

"म्हणजे," मिली म्हणाली, "आपण अकरा वेळा आयरीनला निवडून दिलं."

आधी व्हेरा हसली. मग सगळं टेबल हसलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पिठाचे हात तोंडावर धरून. वॉल्टर हसला नाही. त्यानं चमचा मागून घेतला आणि ती पेज शेवटपर्यंत खाल्ली. मग उठला, स्वतःचं ताट धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं आणि आयरीनपाशी येऊन म्हणाला, "मला त्या दिवशी मतदान माहीत होतं. मी इकडे आलो, कारण इकडे बरं वाटतं."

आयरीनला हे फार गैरसोयीचं वाटलं. तो आणखी एकदा खोटं बोलला असता तर सोपं झालं असतं.

नियमाप्रमाणे झारा व्हेराकडे गेला. व्हेरानं डोक्याला रुमाल बांधला, त्यावर प्लास्टिकची टोपी घातली आणि आत जाऊन शिव्या देत पाणी बदललं. आयरीन एकतीस वर्षांनी टेबलाशी बसली, मिली आणि कोलीनच्या मध्ये. तिथे दाराचा वारा येतो हे तिला माहीतच नव्हतं.

"मिसेस हुडॉक," कोलीननं खालच्या आवाजात विचारलं, "माझ्या चारच फुटल्या. हे चांगलं समजायचं का?"

"आधी दवाखान्याचं सांग," आयरीन म्हणाली. "पैसे कुठून आणणार? आणि हळू दाब."

कोलीन सांगत राहिली. काही पटलं, काही नाही. आयरीननं मधे मधे इतके प्रश्न विचारले की कोलीनचा शेवटी घसा बसला.

मंगळवारी मतदान अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होतं. आयरीन आडोशामागे गेली ती बराच वेळ बाहेर येईना. मागे रांग वाढली.

"अगं, शिवतेस की काय आत?" व्हेरानं रांगेतून विचारलं.

आयरीन बाहेर आली. कोटावर मत दिल्याचा बिल्ला चिकटवला. बाहेर पायरीवर व्हेरानं तिला गाठलं.

"कोणाला?"

"दिलं एकाला."

"साठ वर्षं ओळखते मी तुला. कोणाला?"

"झारा परत दे, सांगते."

व्हेराचे केस गुरुवारपासून बसलेले होते. झारा कुणाच्या गळ्यात घालता येईल याचा तिनं चार दिवस विचार केला होता, मिलीलाही विचारून पाहिलं होतं. पण आता त्याला गिऱ्हाईक आलं होतं, आणि गिऱ्हाईक आयरीन होती. व्हेरानं रुमाल घट्ट केला.

"नियम म्हणजे नियम," ती म्हणाली. "टेबलाशी बसायला लवकर ये. दाराजवळची जागा तुझी."