नेत्राची अठरा पानं

वरच्या मजल्यावरच्या नेत्राची ओळख मी अशी करून देते: सांता क्लारातली एकमेव बाई, जी दिवसभर घरी बसून काम करते आणि घरातलं काही करत नाही. तिच्या तोंडावरच म्हणते, म्हणून ती रागावत नाही.

नागपूरला चित्रकला शिकली, लग्न होऊन परीक्षितबरोबर इकडे अमेरिकेत आली. त्याचा व्हिसा कामाचा, हिचा बायकोचा. म्हणजे हिने पगार घ्यायचा नाही. आमच्या कॉम्प्लेक्समधल्या इतर बायकांनी बेकिंगचे क्लास लावले, हिने चित्रकथा काढायला घेतली.

२००४च्या मार्चमध्ये एका छोट्या मासिकाने नवख्या लोकांकडून चित्रकथा मागवल्या होत्या. अठरा पानं, शनिवारी दुपारपर्यंत टपालात. बुधवारी कुकरची वाफ तिच्या उजव्या हातावर आली. चित्रं रेखून झाली होती. चौकटी आखायच्या आणि काळं भरायचं राहिलं होतं.

मी वरणभात घेऊन गेले तर बाई लायब्ररीतून आणलेला जपानी सिनेमा बघत बसलेली. पाचसहा होतकरू चित्रकथावाले, एक मोडकं घर, दोघांत एक वाडगा नूडल्स. एकाची मुदत आली की बाकीचे आपलं काम सोडून त्याच्या टेबलाशी. कोणी चौकटी आखतंय, कोणी चित्रातले केस काळे करतंय.

"जाऊ दे काकू," नेत्रा म्हणाली. "पुढच्या वर्षी पाठवेन."

पुढच्या वर्षी परीक्षितचं प्रोजेक्ट कुठल्या गावात असेल, हे परीक्षितलाही माहीत नव्हतं.

"आणि आम्ही शेजारी काय नुसता फोडणीचा वास घ्यायला आहोत?" मी म्हटलं.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं हजर. आमचे मोहनराव जन्मभर पुण्यात नकाशे आखत होते, त्यांच्याकडे चौकटी. माझ्याकडे केस. नेत्रा त्यांना गोष्ट सांगत होती तेव्हा मी चहा टाकत होते.

गोष्टीतल्या बाईच्या कपाळावर पाचव्या पानापासून टिकली नव्हती. पोरगी घाईत विसरली, असं समजून मी चौदाही पानांवर टिकल्या लावून दिल्या. सगळ्या एका मापाच्या.

नेत्राने पानं चाळली. "काकू, तिचा नवरा चौथ्या पानावर गेला."

"कुठे?"

"जिथून फोन येत नाहीत तिथे," मोहनराव म्हणाले.

पांढरा रंग लावून पाहिला. कपाळावर खपली धरल्यासारखं दिसायला लागलं. मी ब्रश खाली ठेवला.

"माझी थोरली बहीण टिकली लावते," मी म्हटलं. "भावजी गेल्यावरही. लावूनच बँकेत कामाला जाते."

"लोक काही म्हणत नाहीत?"

"बघतात. मग पासबुक पुढे करतात."

नेत्राने शेवटचं पान पुढे ओढलं. तिची नायिका नवरा गेल्यावर वीजबिलाच्या खिडकीवर परत कामाला बसते. तिने शेवटच्या चौकटीवर कोरा कागद चिकटवला आणि डाव्या हाताने नवं चित्र काढलं: खिडकीबाहेरचा माणूस तिच्या कपाळाकडे बघतोय, आणि त्याच्या हाताने बिल आत सरकवलंय. रेघ जरा थरथरली होती. तिने ती तशीच ठेवली.

शनिवारी साडेअकराला पाकीट टपालात पडलं. सप्टेंबरात गोष्ट छापून आली. मानधन घेता येत नव्हतं, म्हणून त्यांनी पाच अंक पाठवले. त्यातला एक माझ्या कपाटात आहे. शेवटी बारीक अक्षरात छापलंय: चौकटी मोहनकाका, केस शोभनाकाकू.

टिकल्यांचा उल्लेख नाही. मी तिला अजून ऐकवते.