तेवीस नंबरच्या ढिगावरच्या दोन काड्या

विल्मा हार्टविगने काढलेला फोटो नाही असं घर आमच्या वॉटल टँक गावात सापडणार नाही, आणि ज्यात पक्षी नीट दिसतो असा तिचा फोटोही सापडणार नाही. माझ्या बेकरीत गल्ल्याच्या मागे एक आहे. पोपट आहे म्हणतात. पोपटाच्या तोंडावर फांदी आलीय. फांदी मात्र सुरेख आलीय.

अडतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. आज गावात ज्यांना टक्कल पडलंय त्या प्रत्येकाला तिने कधी ना कधी मागच्या सीटवरून उठवून पुढे आणून बसवलंय, मलासुद्धा. बस भंगारात निघाली तेव्हा तिने एक सीट मागून घेतली. आता पहाटे झुडपात गोणपाटाचं लपण उभारते आणि त्यात त्या सीटवर तासन् तास बसते. पक्ष्याला खायला टाकायचं नाही, आवाज काढून बोलवायचं नाही, घरट्यापाशी जायचं नाही आणि आड आलेलं गवताचं पातंही हलवायचं नाही, हे तिचे नियम.

"अगं, एक फांदी बाजूला सारलीस तर काय बिघडेल?" मी एकदा विचारलं.

"त्या फांदीची सावली कुणाच्या अंगावर पडते, तुला ठाऊक आहे?"

"नाही."

"मलाही नाही. म्हणून हात लावत नाही."

मार्चमधल्या कृषी प्रदर्शनात फोटोंचा विभाग मी सांभाळतो, कारण दुसरं कुणी हो म्हणालं नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर एक ओळ आहे: 'या फोटोसाठी मी काहीही हलवलेलं, पकडलेलं किंवा कुणाला खाऊ घातलेलं नाही.' ही ओळ विल्माने भांडून घालायला लावली. एका पठ्ठ्याने सरडा फ्रीजमध्ये गारठवून फुलावर बसवला होता आणि पहिलं बक्षीस नेलं होतं, त्यानंतरची गोष्ट. तेव्हापासून बावीस वर्षं ती त्या ओळीखाली सही करते आणि बावीस वर्षं तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळतं.

यंदा तिने मॅलीकोंबड्याचा फोटो आणला आणि मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. वाळूच्या ढिगावर उभा, सकाळचं ऊन, एकेक पीस मोजून घ्यावं असं. कुठे काडी नाही, कुठे फांदी नाही. बाहेरगावचे परीक्षक त्याच्यासमोरून हलेनात. पहिला नंबर. मी हॉलमध्ये बेकरीतले लॅमिंग्टन केक फुकट वाटले. माझ्या बाबतीत असं फारसं घडत नाही.

समोरच्या भिंतीपाशी क्लाइव्ह पेंगेली त्याचा तक्ता लावत होता. क्लाइव्ह एकोणऐंशीचा, आयुष्यभर गहू पिकवला, आणि सत्तावीस वर्षं दर नोव्हेंबरात मॅलीकोंबड्यांची मोजणी करतो. हा कोंबडा अंड्यांवर बसत नाही. मोठाच्या मोठा वाळूचा ढीग करतो, त्याच्या पोटात पाला कुजवतो, अंडी त्या उबेत पुरतो आणि उन्हाळाभर चोच खुपसून ऊब तपासत बसतो. आमच्या झुडपात असे सेहेचाळीस ढीग आहेत, बहुतेक ओस पडलेले. ओस ढिगाच्या माथ्यावर मोजणीवाले दोन काड्या फुलीसारख्या ठेवून येतात. पुढच्या वर्षी काड्या तिथेच असल्या तर कुणी उकरलेलं नाही. नसल्या तर ढीग जागा झाला असावा.

मोजणीचा आकडा क्लाइव्ह प्रदर्शनापर्यंत बायकोलाही सांगत नाही. नऊ वर्षं तो नुसता घसरत होता. यंदा तक्त्यावर होतं: 'चालू ढीग: सात. नवा: क्रमांक तेवीस.' क्लाइव्ह येईल त्याचा हात दोन्ही हातांनी दाबत होता.

"आता कोल्ह्यांसाठीची विषारी आमिषं तेवीसच्या भोवती लावायची," तो सांगत होता. "पूर्वेच्या तीन चालू ढिगांकडची थोडी कमी करू. नवं बिऱ्हाड आहे, आधी त्याला सांभाळायला हवं."

विल्मा बक्षिसाची फीत हातात घेऊन तक्ता वाचायला गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. तिने मला बाहीला धरून चहाच्या टाकीमागे नेलं.

"रॉस, माझ्या फोटोवरचं पहिल्या नंबरचं कार्ड उतरव."

"डोकं फिरलं का तुझं? आत्ता कुठे मिळालंय."

"तेवीस नंबर चालू नाही. त्याच्यावरच्या काड्या मी काढल्या."

ऑगस्टमध्ये ती तेवीसपाशी बसली होती. शेजारच्या ढिगाचा मालक कोंबडा तिथे ऊन खायला यायचा आणि माथ्यावर उभा राहायचा, नेमका काड्यांच्या मागे. तो गेल्यावर तिने काड्या उचलल्या.

"काड्या क्लाइव्हच्या होत्या, कोंबड्याच्या नव्हत्या," ती म्हणाली. "माणसाने ठेवलेली वस्तू. टेबलावरचा कप उचलावा तसं वाटलं मला. सही करतानाही वाटलं नाही काही."

"मग परत ठेवल्या का नाहीस?"

"दुसऱ्या दिवशी फोटो मिळाला, आणि तो दुपारपर्यंत तिथून हललाच नाही. त्याला उठवायला नको म्हणून मी मागच्या मागे रांगत निघाले. काड्या लपणात, सीटखाली राहिल्या. बघ, केवढी नियमाने वागले मी."

मला हसू आलं आणि तिच्याकडे पाहून ते गिळलं. मग मी जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते. म्हणालो, "जाऊ दे की. कुणाला कळणार आहे?"

"पूर्वेच्या तिघांना कळेल," विल्मा म्हणाली. "कोल्ह्यांना तर त्यांच्याही आधी."

ती सरळ क्लाइव्हकडे गेली. मी तिच्या मागे, कारण टाकीमागे एकट्याने थांबणं मला जमलं नाही. तिने सगळं सांगितलं, ऑगस्टपासून सीटखालच्या काड्यांपर्यंत, एका दमात. क्लाइव्ह खुर्चीत बसला.

"म्हणजे सहा?" त्याने विचारलं.

"सहा. माझ्यामुळे. मला माफ कर."

मला वाटलं आता हा भडकणार, आणि भडकायला हरकतही नव्हती. तो नुसता स्वतःच्या तक्त्याकडे पाहत राहिला.

"ताजी वाळू नव्हती," तो हळू म्हणाला. "पावलांचे ठसेही नव्हते. मोजणीच्या फॉर्मवर रकाना आहे, उकरल्याच्या खुणा दिसल्या का म्हणून. काड्या नाहीत एवढं पाहिलं आणि मी हो लिहून टाकलं. खाली वाकलोसुद्धा नाही."

"क्लाइव्ह..."

"मला सात हवे होते गं."

विल्मा त्याच्या शेजारी बसली. मग त्याने पेन मागितलं आणि साताचा सहा करायला गेला. तो काही केल्या होईना, तेव्हा खोडून शेजारी नवा लिहिला. मी कार्ड उतरवून औषधवाल्याने काढलेल्या पेलिकनच्या फोटोवर लावलं. तो तेव्हापासून पाव घेताना दर वेळी पेलिकनची आठवण काढतो आणि मी दर वेळी त्याला कालचा पाव देतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं तेवीसवर गेलो. विल्माने त्याच दोन काड्या आणल्या होत्या. तिने त्या माथ्यावर ठेवल्या, एकदा सरळ केल्या आणि मागे झाली.

"फोटो काढ," क्लाइव्ह म्हणाला. "नोंदीला लागतो."

तिने एकच काढला. मग कॅमेऱ्याचं झाकण लावता लावता तिने विचारलं, "पुढच्या वर्षी या काड्या जागेवर नसल्या, तर मी हात लावला नाही हे तुला खरं वाटेल?"

"नाही," क्लाइव्ह म्हणाला. "आणि माझं तूही खरं मानू नकोस. दोघांनी मिळून खाली वाकायचं आणि वाळू बघायची."