न आलेला वास

नाशिकजवळच्या एका वायनरीत आम्ही आठ-दहा जण ग्लास धरून उभे होतो. ग्लास गोल फिरवून नाक आत घालायचं, एवढं शिकवून झाल्यावर तिथल्या बाईंनी विचारलं, "कसला वास येतोय?" कुणी पेरू म्हणालं, कुणी लिंबाची साल. मला काहीच कळत नव्हतं, पण मागे पडायला नको म्हणून मी "ओलं गवत" असं ठोकून दिलं. बाई खूश झाल्या.

माझ्या शेजारच्या काकांचं नाक मात्र अजून ग्लासातच होतं. ही वाइन त्यांच्याच बागेतल्या द्राक्षांची होती. डोळे मिटून त्यांनी तीनदा वास घेतला.

"काय येतंय, काका?" मी विचारलं.

"बागेवर भुरीचा रोग आला होता," ते हळूच म्हणाले. "तोडणीच्या तोंडावर गंधक मारावं लागलं. त्याचा वास वाइनमध्ये उतरलाय का, ते बघतोय."

"मग?"

"नाही येत."

घरात कुणाचा ताप उतरला की कपाळावरचा हात काढताना जो चेहरा होतो, तसाच त्यांचा झाला. मग त्यांनी पहिला घोट घेतला.

मी पुन्हा ग्लासात नाक घातलं. या वेळी मला खरंच वास आला, द्राक्षांचा.