चौकशीआत्या आणि शिंगमोडकी म्हैस

चौकशीआत्या आयुष्यात कोणाच्या घरी समोरच्या रस्त्यानं गेली नाही. मुलाकडची मंडळी पुढच्या दारात हार-नारळ घेऊन ताटकळत उभी असायची, आणि आत्या गोठ्याकडून शिरून त्यांच्याच स्वयंपाकघरात पाणी पीत बसलेली असायची. "दाखवलेल्या रस्त्यानं गेलं का दाखवलेलंच दिसते," असं ती म्हणायची.

ती कोणाचीच सख्खी आत्या नव्हती. आमच्या शेजारी, भावाच्या घरी राहायची. पण कारंज्यात तिनं चौकशी केल्याशिवाय मुलीचं लग्न ठरवायची कोणाची छाती नव्हती. बदल्यात पैसा घेत नसे. लुगडं दिलं तर घ्यायची आणि देणाऱ्याच्या तोंडावर पोत पाहून नावं ठेवायची. आमच्या आईनं दिलेल्या लुगड्याला ती दहा वर्षं नावं ठेवत होती, आणि दहा वर्षं तेच नेसत होती.

तिची कीर्ती पसरली ती तळेगावच्या म्हशींमुळे. एका स्थळाच्या गोठ्यात पाच दुभत्या म्हशी होत्या. मुलीचे वडील तर म्हशी पाहूनच हो म्हणायला निघाले होते. आत्या मात्र एका शिंगमोडक्या म्हशीपुढे कमरेवर हात ठेवून थांबली. "काऊन वो बाई, मागच्या हप्त्यात तं तू खालच्या आळीत होती. आता इथं नांदते का?" मुलाचा बाप म्हणाला, चरायला गेली असेल तिकडे. "चरायले गेली आन् दावणीले बांधून घेतलं?" आत्यानं विचारलं. स्थळ तिथंच मोडलं. म्हैस संध्याकाळी आपल्या घरी गेली.

घाई करणाऱ्यांचा तर तिला मनापासून राग. परवाचाच मुहूर्त आहे, नाहीतर दुसरी मुलगी पाहतो, असं कोणी म्हटलं की ती शांतपणे सुपारी कातरत म्हणायची, "पाह्य ना बापा, कोनं अडवलं तुले?" आणि तो गेल्यावर आम्हाला ऐकवायची, "ज्याले लय घाई, त्याचं खरं नाई."

हे सगळं सोयरिकीपुरतं आहे असं मी समजत होते. मी शाळेत मास्तरीण, शिकलेली. आमच्या शाळेत इंटरनेटवरून बँकेचं खातं पाहणारी मी एकटी, आणि त्याची मला भारी मिजास. बाबा गेल्यावर मिळालेले सगळे पैसे माझ्याच खात्यात होते. ते धाकट्या मीनाच्या लग्नाचे. स्थळ अर्थातच आत्यानं पारखलेलं, आणि लग्न तीन आठवड्यांवर आलेलं.

साड्या घ्यायला निघालो तेव्हा मी म्हटलं, पाच मिनिटं सायबर कॅफेत डोकावू. आत्या प्लास्टिकच्या खुर्चीवर पिशवी मांडीत घेऊन बसली. मी ईमेल उघडला. वर बँकेचं चिन्ह, खाली लिहिलेलं की चोवीस तासांत तुमचं खातं बंद होईल. ते वाचवायचं तर इथं दाबा आणि खाते क्रमांक व पासवर्ड भरा. मी दाबलं. क्रमांक भरला. पासवर्डाची दोन अक्षरं टाकली तेवढ्यात आत्या म्हणाली, "घाम काऊन फुटला तुले?"

मी घाईघाईनं वाचून दाखवलं.

"तुयं नाव काय लिवलं त्यानं?"

"प्रिय ग्राहक."

"म्हंजे नावयी माईत नाई आन् घरात शिरून राह्यला. घाई किती?"

"चोवीस तास. आत्या, मीनाचे पैसे आहेत गं, थांब ना."

"आन् जायचा रस्ता कोनं दाखवला?"

"त्यांनीच. इथं दाबा म्हणून."

आत्या उठली आणि माझा हात धरला. "बँक कुठं पळाली? तीनशे पावलांवर आहे. आपल्या पायानं जाऊ."

बँकेतल्या तरुण साहेबांनी सांगितलं, आम्ही असं पत्र पाठवलेलंच नाही. बँक पासवर्ड कधीच विचारत नाही, फोनवर नाही आणि ईमेलवरही नाही. क्रमांक दिलाय तर पासवर्ड आत्ताच बदला. पत्र धाडणाऱ्याचा पत्ताही त्यांनी बघायला लावला. बँकेच्या पत्त्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. चिन्ह काय, कोणीही उचलून लावतो म्हणाले. "दुसऱ्याची मागून आनलेली म्हैस," आत्या मला म्हणाली. मग साहेबांकडे वळून तिनं त्यांचं गाव विचारलं, लग्न झालं का ते विचारलं, आणि घराला मागचं दार आहे का तेही विचारलं. साहेबांनी पाणी मागवलं.

बँकेतून दुकानाकडे निघालो. मी विचारलं, एवढं कुठं शिकलीस गं?

"माया सासरी आठ म्हशी होत्या," ती म्हणाली. "हळद उतरली नाई तं लोकं आले आन् आपापल्या सोडून घेऊन गेले. म्हशी गेल्याचं काई नाई. तिसऱ्या दिवशी त्याची पयली बायको माहेराहून परत आली."

"मग तुझ्या बाबांनी चौकशी नव्हती केली?"

"केली ना. त्यांनी दाखवल्या रस्त्यानं गेलता, त्यांच्याच मानसाले इचारून आलता. बाप लय भोळा होता वो माया. तुयासारखाच."

दुकानात गेल्यावर मीनाच्या साड्यांच्या आधी मी आत्यासाठी लुगडं घेतलं. तिनं पोत पाहून नावं ठेवलीच.

मीनाचं लग्न ठरल्या दिवशी झालं. पाचेक वर्षांनी आत्या गेली. अजूनही कोणी चोवीस तासांची मुदत दिली की मी संगणक बंद करते, चपला घालते आणि बँकेत जाते. नवे साहेब हसतात. हसोत बापडे.

तिच्या तेरवीला भावानं पुढच्या दारी मांडव घालून खुर्च्या मांडल्या होत्या. तिनं नांदायला धाडलेल्या पोरी गावोगावहून आल्या, आणि तिनं स्थळ मोडून वाचवलेल्याही आल्या. मीना आली, मी गेले. सगळ्या परसातून आल्या. पुढच्या दारी स्वागताला तिचा भाऊ संध्याकाळपर्यंत एकटाच बसून होता.